चौकटीवरचा उंचवटा

आमच्या प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांना सगळे 'कोनमहर्षी' म्हणत, अर्थात पाठीमागे. काम म्हटलं तर सोपं. निकेलच्या अतिपातळ पत्र्यावर प्रोटॉन सोडायचे, ते कुठल्या कोनात किती उडतात ते मोजायचं आणि त्यावरून निकेलच्या अणुकेंद्राची घडण सांगायची. अंधारात खडे मारून समोर माठ आहे की भिंत, हे ओळखण्यातलाच प्रकार. महर्षींनी या खडे मारण्यात उभी हयात घालवली, पण तोरा असा की माठ यांनीच घडवला.

त्यांच्या आलेखात मोठ्या कोनांपाशी एक उंचवटा यायचा. जगात इतर कुणालाच तो दिसत नसे, म्हणून महर्षी जगाची कीव करत. त्याच उंचवट्याच्या जोरावर संचालकाची खुर्ची हाताशी आली होती, सोमवारी मुलाखत. पत्रा ज्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवतात, तिच्यातून तो काढून एकदा नुसत्या चौकटीवर मोजून बघावं, म्हणजे तिचा वाटा वजा करता येतो, ही आमच्याकडची जुनी रीत. महर्षींनी ती कधीच पाळली नाही. रिकाम्या चौकटीवर नवशिके मोजतात, म्हणायचे. घरी मात्र वहिनींनी नळ गळतोय म्हटलं, तरी यांना आधी पुरावा लागे.

शुक्रवारी शेवटचं मोजमाप झालं. उंचवटा इतका ठसठशीत आला, की महर्षींनी कधी नव्हे तो सगळ्यांना चहा पाजला. मग त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या शिष्येने निर्वात पेटी उघडली. चौकटीत पत्राच नव्हता. तो कधीच फाटून तळाशी पडला होता आणि प्रोटॉन दिवसभर ॲल्युमिनियमच्या कडेवर आपटत होते. पत्रा नसतानाही उंचवटा आला, म्हणजे इतकी वर्षं अणुकेंद्र म्हणून महर्षींनी जगाला जी दाखवली, ती ही कड. मला हसू आवरेना. त्यांचा पडलेला चेहरा बघून वाईटही वाटलं, पण फार वेळ नाही.

शिष्येची पीएचडीही याच उंचवट्यावर उभी. प्रबंधात आता काय लिहू, असं तिने रडवेल्या आवाजात विचारलं. महर्षींनी पेटीचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं, स्क्रू आवळले.

"जे दिसलं ते लिही," ते म्हणाले. "कुठून आलं, ते कुणी विचारलंय?"

खरंच कुणी विचारलं नाही. सोमवारी महर्षी संचालक झाले. पुढे शिष्या डॉक्टर झाली, दुसऱ्या विद्यापीठात लागली. जाताना ती चौकट तिने आठवण म्हणून मागून नेली. ऐकतो, की तिथे तिच्या विद्यार्थ्यांनाही आता उंचवटा छान दिसतो.