तळव्याएवढी जागा

काल सोसायटीच्या गेटला रंगारी स्प्रे मारत होते. थिनरचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला आणि मी मेथीची जुडी हातात तशीच धरून खिडकीत उभी राहिले.

असाच वास त्या दिवशी गाळ्यात होता, बरीच वर्षं झाली. हे वारून तेव्हा महिना झाला होता. लालबागच्या गाळ्यातलं ह्यांचं ड्रिल मशीन विकायचं होतं, म्हणून मी ते आधी रंगवून घेत होते. ओळखीचे पेंटर सदूभाऊ थिनरनं स्प्रे-गन साफ करत होते.

"वहिनी, साधा ऑइलपेंट मारू की इपॉक्सी? इपॉक्सी तेलापाण्याला दाद देत नाही."

"टिकेल तो मारा," मी म्हटलं. कोणासाठी टिकायचा, हे मनातही आलं नाही.

ह्यांना डावा हात मशीनला टेकवून काम करायची सवय. तिथला रंग उडून तळव्याएवढं लोखंड गुळगुळीत झालं होतं.

सदूभाऊंनी त्यावर बोट फिरवलं. "इथं रोज तेलकट हात लागलाय. असाच मारला तर पापुद्रे निघतील. तेवढं थिनरनं पुसून देता?"

मी पुसलं. चिंधी काळी झाली, तशी दुसरी घेतली. रडू आलं नाही, बोटं तेवढी गार पडली. आज वाटतं, तेवढी जागा सोडून मारा म्हणायला हवं होतं. तेव्हा मात्र तेल नीट निघालंय का, एवढंच बघायचं होतं. खात्री करायला मी तिथे तळवा टेकवला.

"अहो वहिनी, हात नका लावू! परत पुसावं लागेल."

मी हात काढला आणि परत पुसलं.