‘आई, तुम्ही बसा’

एरंडाचं पान शेकून गुडघ्याला बांधतात. ते दुसऱ्या दिवशी सोडताना कुणी पाहिलंय का? काळं पडलेलं, बुळबुळीत, घामानं कातडीला चिकटलेलं. शी! वर लसूण घालून कढवलेलं मोहरीचं तेल. पिंप्राळ्याच्या आमच्या घरात त्या उन्हाळ्यात उशीच्या अभ्र्यालासुद्धा तो वास येत होता. नवऱ्याचं नाक बधिर झालं असावं, नाहीतर माणूस पळून गेला असता.

गुडघ्याची झीज, असं डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं. झीज हा शब्द घरात शिरला आणि सगळ्यांनी मला जपायला घेतलं. टायर झिजेल म्हणून गाडी दारात उभी करून ठेवावी, तसं. सून माझी चांगली आहे, हे आधीच सांगते, नाहीतर लोक भलतंच धरतात. पण मी भाजी चिरायला घेतली की विळी ओढून घ्यायची. "आई, तुम्ही बसा." पाण्याचा तांब्या उचलला की, "आई, तुम्ही बसा." आमच्याकडे सासू बसून दिसली की सुनेचं कौतुक होतं, आणि हलताना दिसली की गल्लीभर बोभाटा. एक प्लास्टिकची खुर्ची सतत माझ्या मागे मागे फिरायची. तिचा मला असा वीट आला, की नुसती दिसली तरी तोंड कडू व्हायचं. बसून बसून पायाचं लाकूड झालं. न्हाणीघरात उठताना नळ धरावा लागू लागला.

मला धास्ती होती श्रावणाची. आमचं मूळ घर धुळ्याकडे, नरडाण्याजवळच्या खेड्यात. तिथे श्रावणात कानबाई बसते. सगळे भाऊबंद जमतात, रोटांचा नैवेद्य होतो, आणि दुसऱ्या दिवशी ती नारळाची सजवलेली देवी चौरंगासकट डोक्यावर घेऊन नदीवर पोचवायची. आमच्या घरात ती थोरली सून नेते. सासूबाई गेल्यापासून मीच नेते. यंदा धाकट्या जावेनं फोनवर सांगूनच टाकलं, "अक्का, तुमी रिक्षामा बठा. कानबाई मी लई जासू." म्हणजे देवी ती नेणार. मायेनंच म्हणाली बिचारी. फोन ठेवला आणि मी रडले. रागानं रडले.

मग फिजिओथेरपी गाठली. तिथलंही काय सांगू! गादीवर आधीच्या माणसाचा घाम, शेकायच्या पिशवीला कुबट वास, उशीवर कुणाचा तरी तेलकट केस. मी घरून चादर न्यायला लागले. व्यायाम शिकवणारी बाई वयानं लहान, तोंडानं फटकळ. मी विचारलं, "झीज भरून येईल का?"

"नाही," ती म्हणाली. "पण मांडीत ताकद आली तर गुडघ्यावरचा भार हलका होईल. दुखतंय म्हणून बसलात, तर बसूनच राहाल."

बसू नका म्हणणारं कुणीतरी भेटलं एकदाचं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. पाय सरळ ठेवून उचलायचा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, आणि तेही त्याच मेल्या खुर्चीत! कंटाळवाणं, घाम काढणारं काम. बरेच दिवस काही फरक कळेना. मग एका सकाळी नळ न धरता उठले. पुढे तिनं जमिनीवरून उठणं शिकवलं. आधी ओणवं होऊन चारी पायांवर यायचं, चांगला पाय पुढे रोवायचा, मांडीवर हात दाबून वर यायचं. हे चाललेलं असताना सून दाराला कडी घालायची, शेजारीण बघेल म्हणून.

श्रावणात गावी गेले आणि कुणाला न विचारता कानबाई डोक्यावर घेतली. जाऊ हात पसरून बाजूनं चालत होती, मी आता पडते की मग पडते! मागून फुलं लावलेली रिकामी रिक्षा. तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. गुडघा ठणकत होता, खोटं कशाला सांगू. पण नदी आली.

काठावर बसून चौरंग खाली ठेवला. आरती झाली, देवी पाण्यात गेली. आणि मला उठता येईना. खाली चिखल, त्यात शेण, गेल्या पुरात आलेला कुजका पाला.

"उठाडा रे, अक्काले उठाडा!" जाऊ ओरडली. चारी बाजूंनी हात आले, माझ्या काखेत शिरले.

"हात लावू नका कुणी!"

हात मागे झाले. मी त्या घाणीत ओणवी झाले. दीर, पुतणे, जावई, सगळ्यांसमोर, नव्या लुगड्यात, जनावरासारखी चारी पायांवर. जाऊ लाजेनं माझा पदर सारखा करत होती. बोटांमधून शेण वर आलं. मी चांगला पाय रोवला, मांडी दाबली आणि उठले.

सून समोर उभी होती. तिच्या हातात रिकामा चौरंग, खालून चिखलानं बरबटलेला. आता ती खुर्ची मागवणार, अशी माझी खात्री. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "हा घेता का?"

शी, काय घाण होता तो! मी तो डोक्यावर घेतला आणि घराकडे निघाले.