आत्याबाईंचा दारातला शेवगा

शेवग्याला दाद देणार नाही असा आजार अजून जन्माला यायचा आहे, आणि चुकून आलाच तर डोंगरकडा गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरायची त्याची हिंमत होणार नाही, अशी आमच्या आत्याबाईंची ठाम समजूत होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, गावच्या प्राथमिक शाळेत हयात घालवली आणि निवृत्त झाल्यावर अख्ख्या गावालाच वर्ग समजून शिकवत राहिल्या. विषय एकच, शेवगा. नव्वदच्या दशकात मी त्या घरात सून म्हणून आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली आणि जमलेल्या बायकांसमोर निकाल सांगितला, "पोरगी चांगली हाय, पण रगत कमी हाय. आजपासून पाला सुरू." नाव घ्यायचा आग्रह सुरू व्हायच्या आधी माझ्या पुढ्यात पाल्याची भाजी आली होती.

सुरू म्हणजे सुरूच. धपाट्यात पाला, वरणात पाला, पिठल्यात पाला. बहर आला की फुलांची बेसन पेरून भाजी, आणि शेंगा लागल्या की पातेल्यात शेंगांना जागा करून द्यायला डाळच बाजूला सरकायची. पाला सावलीत वाळवून, तीळ घालून त्यांनी केलेली चटणी तर घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत जायची, त्याला हवी असो वा नसो. त्यांच्याकडे जेवलेला पाहुणा सहसा लवकर परत येत नसे. आला, तर पोट साफ झाल्याचं सांगायलाच येई, आणि तेही आत्याबाई सगळ्यांसमोर वदवून घेत. बाळंतिणीला दूध कमी, दे पाला. म्हातारीचा गुडघा सुजला, पाला गरम करून बांध. उन्हाळ्यात टँकरचं पाणी गढूळ आलं की वाळलेल्या शेंगांच्या बिया सोलून, कुटून त्या हंड्यात ढवळायच्या आणि गाळ खाली बसेपर्यंत कुणाला हंड्याजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. पाणी नितळ झालं म्हणून मी एकदा तसंच प्यायला घेतलं, तर तांब्या हातातून काढून घेत म्हणाल्या, "गाळ खाली बसला म्हंजे रोग बी बसला असं न्हाई. उकळून पे." मात्र झाडाच्या मुळाला त्या कुणाला हात लावू देत नसत. गावातला एकजण कंबरदुखीवर स्वतः घ्यायला आणि आपल्या पोटुशी बायकोलाही द्यायला मुळाची साल काढायला आला, तेव्हा त्याची कुदळ त्यांनी जप्त केली. "पोटुशा बाईला साल द्यायची न्हाई म्हंजे न्हाई. भाजी खा दोघं, कुदळ उद्या ने."

हे सगळं गावानं गोड मानून घेतलं असतं. अडचण झाडाच्या जागेची होती. आत्याबाई आणि माझे सासरे एकाच घराच्या दोन भागांत राहायचे, आणि शेवगा दोघांच्या सामाईक दारासमोर होता. दारात शेवगा असला की घरात भांडणं लागतात, वंश वाढत नाही, असं आमच्याकडं पुष्कळजण मानतात. कुणी तोंडावर तसं म्हटलं की आत्याबाई पदर खोचून म्हणत, "मला लेकरंबाळंच न्हाईत. आता ह्यो शेवगा माझं आणखीन काय वाकडं करणार?"

पण मग मला दिवस गेले, आणि काही आठवड्यांतच सगळं संपलं. दवाखान्यातून मला डोंगरकड्याला आणलं. भेटायला येणाऱ्या बाया माझ्या उशाशी बसून खिडकीतून झाडाकडं बघायच्या. त्यांच्या नजरा मला कळत होत्या. चार लोकांनी कान भरल्यावर एका सकाळी सासऱ्यांनी कुऱ्हाडवाल्याला बोलावलं. सासरे स्वभावानं गरीब. आयुष्यात बहिणीसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही, नुसता कापत होता. "अक्का, बाजूला हो. लोकं बोलून राहिले."

आत्याबाईंनी घरातून लाकडी खुर्ची आणली, शेवग्याच्या बुंध्याला टेकवली आणि त्या तीवर बसल्या. "काहून बाजूला होऊ? झाडानं काय केलं?"

"सुनेचं असं झालं…"

"झाड तिच्या पोटात शिरलं व्हतं का? कुऱ्हाड चालवायची तर आदी माझ्यावर चालव. मी लई जून हाय, लवकर तुटणार न्हाई."

गल्ली गोळा झाली. कुऱ्हाडवाला बिचारा कधी सासऱ्यांकडं बघे, कधी खुर्चीकडं. मग आत्याबाईंनी मला हाक मारली. मी भिंतीला धरून दारात आले. त्या म्हणाल्या, "ज्याचं दुखलं त्याला विचारा. पोरी, तू सांग. तोडायचं का?"

सासऱ्यांसमोर तोवर मी मोठ्यानं एक वाक्य बोलले नव्हते. पण आठ-पंधरा दिवस जे गिळत होते ते त्या दिवशी बोलून टाकलं. मी म्हणाले, "मामा, झाड राहू द्या. माझं जे गेलं त्याचं खापर कुणावर फोडू नका. झाडावर न्हाई, अन् माझ्यावरबी न्हाई."

सासरे डोक्यावरची टोपी काढून ओट्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्यांचंही काहीतरी गेलं होतं, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आत्याबाई उठल्या, भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच कुऱ्हाडवाल्याकडं वळल्या. त्याचं मनगट सुजलेलं त्यांनी मघाशीच हेरलं होतं. त्याला बसवलं, पाला गरम करून बांधला, भाकरभाजी खाऊ घातली. जे झाड तोडायला तो आला होता, त्याच्याच शेंगांची जुडी बगलेत मारून तो घरी गेला. संध्याकाळी माझ्याजवळ बसून त्या हळूच म्हणाल्या, "काही येळा न्हाई टिकत, बाई. कुणाची चूक नसती." मला इतक्या दिवसांत हे एवढं साधं वाक्य कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही नवरा-बायको हिंगोलीला राहत होतो. आत्याबाई दर आठवड्याला पाल्याची पिशवी घेऊन एसटीनं आमच्या घरी हजर. बसमध्ये पाल्याचा वास सुटला की कंडक्टर न विचारताच त्यांचं तिकीट फाडायचा. नात्यातल्या बायांनी शेवगा गरम पडतो, गरोदर बाईला चालत नाही म्हणून ओरड केली. आत्याबाई मला तडक डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेल्या आणि तिथं त्यांच्यासमोर पिशवीच उपडी केली. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा पाला शांतपणे बाजूला सारला. म्हणाल्या, "शिजवून भाजी खाऊ द्या, पण माझ्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. रक्त फार कमी आहे, एवढ्या पाल्यानं भागणार नाही." मला वाटलं, आता इथं भांडण जुंपणार. आत्याबाईंनी थोडा विचार केला. "बराबर हाय. गोळी बी घे, पाला बी खा," म्हणाल्या आणि निघताना टेबलावरचा अर्धा पाला डॉक्टरीणबाईंसाठी ठेवून आल्या.

मुलगी झाली. "मुलगीच ना, झाड अजून दारात आहे," असं कुणीतरी कुजबुजलं. आत्याबाईंनी बारशाला गावजेवण घातलं, शेंगांची आमटी मुद्दाम त्याच बाईच्या ताटात दोनदा वाढली आणि म्हणाल्या, "खा गं, तुझ्या तोंडाला चव येऊ दे." लोक काय बोलतात ते मला आजही ऐकू येतं. बोलू देत.

पुढं त्यांना स्वतःला साखरेचा आजार जडला. इथं मात्र त्यांनी हट्टानं निव्वळ पाल्यावर भागवायचं ठरवलं, आणि एक दिवस अंगणात चक्कर येऊन पडल्या. आम्ही त्यांना हिंगोलीला आणलं. गोळ्या घ्यायला लागल्या, पण प्रत्येक गोळी परक्या माणसाला घरात घ्यावं तशा चेहऱ्यानं. दात गेले, नजर मंदावली, बोटांना कंप आला. एका दुपारी मी शेंगेचा गर चमच्यानं खरवडून, मऊ भातात कालवून त्यांना भरवायला बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या ताटात वाढत आलेल्या बाईला ते सोसलं नाही.

"मी काय लेकरू हाय व्हय?" म्हणत त्यांनी तोंड फिरवलं.

मी चमचा तसाच धरून बसून राहिले. हात भरून आला तरी खाली घेतला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड उघडलं, घास घोळवला, गिळला.

"मीठ कमी हाय," म्हणाल्या.

मी चिमूटभर मीठ घातलं. मग त्यांनी निमूटपणे सगळा भात खाल्ला आणि खाता खाता माझं मनगट धरून ठेवलं, शाळेत पहिल्यांदा आलेलं पोरगं धरतं तसं.

त्या पावसाळ्यात आत्याबाई गेल्या. आता मी आमटीत मीठ घालते, चव बघते, आणि क्षणभर थांबते. कुणी काहीच म्हणत नाही.