बाटलीवर ‘ताजे’ लिहिलं होतं

आमच्या सरांना गेल्या हिवाळ्यात पंच्याहत्तर वर्षं झाली. अकोल्यात त्यांचा सत्कार झाला आणि त्यात मी चांगलं पंधरा मिनिटं भाषण ठोकलं. केलं ते केलं. आता ते परत घेता येत नाही, म्हणून निदान नंतर काय झालं ते तरी लिहून ठेवते.

मी परागकणांवर काम करते. लोक विचारतात, म्हणजे नेमकं काय? फुलातली पिवळी भुकटी असते ना, ती. ती किती वेळ जिवंत राहते, कशाने मरते, तिच्यापासून बी धरतं की नाही, एवढंच बघता बघता माझे केस पिकले. आई तर सरळ म्हणायची, "धूळ मोजायची नोकरी हाय तिले."

पीएच.डी.साठी अमरावतीत गाईड शोधत होते तेव्हाची गोष्ट. आम्ही मूर्तिजापूरचे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घरात छप्पन सालापासून बुद्धाची तसबीर. एमएस्सीला मार्क चांगले होते, सरकारी फेलोशिपही मिळाली होती. तरी तीन प्राध्यापकांची दारं झिजवली. तिघंही गोड बोलले. तिघांनी चहा पाजला, आडनाव विचारलं, अन् मग तिघांच्याही जागा भरलेल्या निघाल्या. चौथे हे सर. त्यांनी आडनाव विचारलं नाही. "सोमवारपासून ये," एवढंच म्हणाले. त्या एका वाक्यावर मी वीस-बावीस वर्षं काढली, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "जो आकडा येईन तो लिहायचा. शून्य आला तं शून्य. बाकीचं मी पाहून घेतो."

काम तुरीचं होतं. लवकर फुलणाऱ्या तुरीचा उशिरा फुलणारीशी संकर करायचा तर पहिलीचा पराग दुसरी फुलेपर्यंत सांभाळून ठेवावा लागतो. फ्रिजमध्ये तो किती दिवस तग धरतो, हे मला शोधायचं होतं. पद्धत साधी. काचपट्टीवर साखरेच्या पाण्याचा थेंब, थेंबात पराग, अन् दीड-दोन तासांनी मायक्रोस्कोपखाली मोजणी. जिवंत कणाला बारीक नळी फुटते, मेलेला तसाच गोल पडून राहतो. बाटल्या सर भरायचे आणि मोजायचं मी. भरणारा वेगळा, मोजणारा वेगळा, हा आमच्या लॅबचा नियमच होता. ट्रेमध्ये जुन्या परागाच्या बाटल्यांसोबत रोज एक बाटली त्याच सकाळच्या फुलांची असे. तिच्यावर सरांच्या अक्षरात ‘ताजे’ लिहिलेलं. ताज्या परागाला नळ्या फुटल्याच पाहिजेत. नाही फुटल्या तर माझं पाणी खराब, माझी काच खराब, माझा हात खराब, अन् त्या दिवसाची सगळी मोजणी केराच्या टोपलीत.

डिसेंबर लागला आणि ताज्या बाटलीत शून्य यायला लागलं. रोज नाही. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. मी साखर बदलली. काचा उकळून घेतल्या. हातालाच काही लागत असेल म्हणून केसांना तेल लावणं सोडलं, व्हॅसलीन सोडलं. त्या थंडीत माझी बोटं फुटून रक्त यायचं, पण शून्य काही हटेना. रात्रंदिवस एकच किडा डोक्यात, की मला हे जमत नाही अन् ते एक दिवस सरांना कळणार.

शेजारच्या टेबलावर सरांचा दुसरा विद्यार्थी बसायचा. नांदगाव खंडेश्वरकडचा, घरची मोठी शेती, स्वभावाने लाख माणूस. माझ्या डब्यातल्या ठेच्यावर त्याचा जीव होता. मी रडकुंडीला आले की म्हणायचा, "तुया पाण्यातच गडबड हाय." एकदा तर स्वतः सायकल हाणत गेला आणि बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन आला. मला भरूनच आलं होतं तेव्हा.

एकदा मोह झाला, तोही सांगते. ताज्या परागाचा आकडा साधारण किती येतो ते कोणालाही ठाऊक होतं. तेवढा वहीत टाकला असता तर कोण विचारणार होतं? पेन टेकवलंही होतं. मग शून्य लिहिलं. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. या माणसाने आपल्यावर विश्वास टाकलाय, त्याला तोंड कसं दाखवू, एवढंच मनात आलं.

त्यातल्याच एका रविवारी माझ्या धाकट्या बहिणीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. दुपारी एकचा कार्यक्रम, मूर्तिजापुरात. सकाळची मोजणी आटोपायची, बडनेऱ्याहून गाडी धरायची, असं ठरवून मी साडीची पिशवी घेऊनच लॅबमध्ये गेले. ताज्या बाटलीत शून्य. सर खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते.

"सर, आज परत शून्य आलं."

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "परत करून पाय," म्हणाले. "मले काही घाई नाही."

चार वाजेपर्यंत मी त्याच बाटलीशी झटत होते. घरी पोचले तेव्हा पाहुणे निघून गेले होते, आचारी कढया घासत होता. आई म्हणाली, "बहिणीपेक्षा ते धूळ मोठी झाली का वं तुले?" मी काय सांगणार? बहीण तर कित्येक महिने माझ्याशी धड बोलली नाही. तिच्या साक्षगंधाच्या एकाही फोटोत मी नाही.

पुढे पीएच.डी. झाली, नोकरी लागली, माझ्याही हाताखाली मुलं आली. बहिणीशी पुन्हा बोलणं सुरू झालं. सगळं सुरळीत झालं म्हणायचं. सत्काराच्या दिवशी मी माइकसमोर उभी राहिले अन् मनापासून बोलले, "मला कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

शेवटी सर उत्तराला उठले. आनंदात होते. "आता हे एवढं बोलली म्हणून सांगतो," ते म्हणाले. "हे आली तवा मले शंका होती. या लोकायले फेलोशिप भेटते अन् आकडे घरी बसून भरतात, असं मले कोणी कोणी सांगे. मंग मी काय केलं? ताजा पराग ओव्हनमधी भाजून काढला, बाटलीवर ‘ताजे’ लिहिलं, अन् दिली इच्यासमोर ठेवून! आता मेलेल्या परागाले काय कोंब फुटते? पण पोरीनं एकदाही खोटा आकडा लिहिला नाही. बावनकशी निघाली!"

सभागृहात टाळ्या पडल्या. आणि सांगायला लाज वाटते, टाळ्या मीही वाजवल्या. हात आपोआप हलले. मग एकेक दिवस आठवायला लागला, फुटलेली बोटं, उकळलेल्या काचा, ती साडीची पिशवी. ‘परत करून पाय’ म्हणताना या माणसाला माहीत होतं. दिवसभर बसले असते तरी काही फुटणार नव्हतं, हे पेपर वाचता वाचता त्याला माहीत होतं. अन् वर ही शाबासकी! असा संताप आला की समोरचा हारही दिसेना.

जेवणाच्या वेळी मी ताट घेऊन त्यांच्यापाशी गेले. शेजारच्या टेबलावरचा माझा तो मित्र, आता एका कॉलेजचा प्राचार्य, त्यांच्या बाजूलाच उभा होता. मी विचारलं, "सर, माझी परीक्षा घेतली ते ऐकलं. याची घेतली होती का?"

"याची काहून घेऊ?" सरांना खरंच नवल वाटलं. "याचं घर मले माहीत होतं." अन् मित्राच्या खांद्यावर हात टाकून हसत म्हणाले, "ओव्हन लावाले कोणी विश्वासाचं लागे ना मले! त्या त्या दिवशी सकाळी तू यायच्या आंधी हेच काम करे हा."

मित्र ताटातला भात चिवडत राहिला. त्याने वर पाहिलं नाही.

"सर," मी म्हटलं, आवाज चढला माझा, आजूबाजूचे दोघंचौघं वळले, "तुमची बाटली एकदा तपासून पाहावी असं माझ्या मनात कधी आलं नाही. एकदाही नाही."

सर मोठ्याने हसले. माझ्या पाठीवर थोपटलं.

"गुरूची बाटली कोणी तपासते का बाई!"