दुर्बीणवाले दाजी

भोकावर जीव टाकणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या, म्हणजे सुमनच्या, थोरल्या बहिणीचे ते यजमान. सुमन त्यांना दाजी म्हणते, तिचं ऐकून आमची मुलं दाजी म्हणू लागली आणि शेवटी मीही. दाजी लातूरला सर्जन. पोट न फाडता, तीन-चार बारीक भोकं पाडून त्यातून दुर्बीण आणि लांब दांड्याची हत्यारं आत घालायची आणि ऑपरेशन करायचं, हा त्यांचा व्यवसाय नव्हे, धर्म होता. या धर्माच्या प्रसारासाठी त्यांनी लातूर-नांदेडकडच्या सर्जन मंडळींची एक संघटना काढली. तिचे अध्यक्ष दर वर्षी बदलत, चिटणीस मात्र कायम दाजी. खुर्च्या मांडणारे आणि सतरंज्या झटकणारेही तेच.

मोठा छेद त्यांना कुठेच खपत नसे. हदगावला आमच्याकडे आले की कलिंगड चिरायची सोय नाही. रुपयाएवढं भोक पाडून लांब चिमट्याने ते आतला गर काढत बसत. तासाभराने आम्हाला एकेक घास मिळे आणि कलिंगड बाहेरून जसंच्या तसं. ते हातात फिरवून दाखवत म्हणत, "बघा मास्तर, याला कळलं तरी का, आपलं ऑपरेशन झालं म्हणून?" टपालाने आलेलं पाकीटसुद्धा ते कोपऱ्याला बारीक चीर देऊन उघडत आणि आतला कागद चिमट्याने ओढत. कागद फाटे, पाकीट शाबूत राही, आणि दाजी समाधानाने पाकिटाकडे बघत. एकदा मी त्यांना आमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नेलं. तिथे एका आडत्याने पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर सोयाबीन बाहेर काढलं आणि पोतं न उघडताच भाव सांगितला. दाजी जागीच थबकले. "मास्तर, हा आपला माणूस हाय!" म्हणाले आणि त्याला संघटनेच्या वार्षिक सभेचं आमंत्रण देऊन मोकळे झाले. आडते खरंच आले, पहिल्या रांगेत बसले, पित्ताशय काढतानाची फिल्म त्यांनी टक लावून पाहिली आणि जेवताना "माल बेस होता" असा अभिप्राय दिला.

रविवारी देगलूर, धर्माबादकडचे तरुण डॉक्टर दाजींच्या घरी शिकायला येत. शिकवणी बुटाच्या खोक्यात चाले. खोक्याला भोकं पाडलेली, आत मोसंबी आणि एक छोटा कॅमेरा. समोरच्या टीव्हीत बघत, लांब हत्यारांनी ती मोसंबी सोलायची, आणि आतल्या फोडीला धक्का लागू द्यायचा नाही. यात हत्याराचं टोक उजवीकडे न्यायचं तर हात डावीकडे न्यावा लागतो. ही सवय दाजींच्या अंगात इतकी भिनली होती की ते पंगतीत वाढायला आले की तुमचं वरण शेजारच्याच्या पानात पडे. संध्याकाळपर्यंत मोसंब्यांचा जो चेंदामेंदा होई त्याचा ताई, म्हणजे सुमनची थोरली बहीण, रस काढत. "ह्यांची पोरं शिकली का न्हाई देव जाणे," त्या म्हणत, "पर रस पिऊन आमची गल्ली लई गुटगुटीत झाली."

घाई तर विचारू नका. उदगीर जिल्हा होणार अशी हवा आमच्याकडे अधूनमधून उठते. एकदा ती उठली तशी दाजींनी 'उदगीर जिल्हा शाखा' असा पितळी फलकच करून घेतला. हवा विरली, जिल्हा झाला नाही. "सरकारला त्यांच्या सवडीनं जिल्हा करू द्या, आपली शाखा कशापायी अडवायची?" म्हणत त्यांनी फलक लावलाच. नसलेल्या जिल्ह्याच्या या शाखेच्या बैठका नेमाने होत. एका गृहस्थाने तिथे येऊन रहिवासी दाखला मागितला होता म्हणतात.

पण या संघटनेतली एक रीत मला अजून दुसरीकडे कुठे दिसली नाही. महिन्याच्या बैठकीत प्रत्येकाने उभं राहून त्या महिन्यातली आपली एक चूक सांगायची. सांगितल्याशिवाय चहा नाही. "माझी काही चूक झालीच नाही" असं कोणी म्हटलं की दाजी म्हणत, "मग तुम्ही ऑपरेशनच केलं न्हाई म्हणायचं." देगलूरचे एक बुजुर्ग सर्जन तीन बैठका कोरडे बसले. चौथ्या बैठकीला उठले, एका पेशंटची हकीकत सांगितली, आणि दाजी स्वतः कप घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी गेले. आम्ही शाळेतले मास्तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई ओततो. पाहुणा म्हणून कोपऱ्यात बसलेल्या मला त्या दिवशी थोडी लाज वाटली.

लातूरला आगगाडीने पाणी येत होतं त्या दुष्काळातली गोष्ट. संघटनेचं अधिवेशन तोंडावर आलं होतं. पुढे ढकला, असं सगळे म्हणत होते. दाजींचं म्हणणं उलट: बारीक भोकाचा पेशंट दुसऱ्या दिवशी घरी जातो, चादरी कमी धुवाव्या लागतात, तेव्हा दुष्काळात तर दुर्बीणच पाहिजे! निमंत्रणात त्यांनी छापलं, 'हार-तुरे आणू नयेत, पाण्याचा कॅन आणावा.' नांदेडची मंडळी कॅन घेऊन आली. अधिवेशनात दाजी एक ऑपरेशन करणार आणि हॉलमधले डॉक्टर ते पडद्यावर बघणार, असा बेत होता. सुमनला तेव्हा पित्ताशयातल्या खड्यांनी बेजार केलं होतं. ती म्हणाली, "दाजींच्या कार्यक्रमाला माझंच पोट लागू द्या." मी नको म्हणत होतो. दाजी म्हणाले, "मास्तर, चार भोकं. परवा घरी भाकरी थापंल ती."

मला हॉलमध्ये मागची खुर्ची मिळाली. पडद्यावर जे दिसत होतं ते माझ्या बायकोचं पोट आहे, हे मला स्वतःला सारखं सांगावं लागत होतं. आधी दाजींचा आवाज खुशीत होता. मग तो तुटक झाला. आत सगळं सुजून एकमेकांना चिकटलेलं. मग आवाज बंदच झाला. माझ्या पुढचा डॉक्टर शेजाऱ्याला कुजबुजला, "अजून ओढतील ते. एवढे लोक बघून राहिलेत, सोडतील कसे?" तेवढ्यात स्पीकरवर दाजी बोलले, अगदी शांतपणे. "मित्रहो, मला पित्ताशयाची नळी ओळखू येईना. चुकीची कापली तर बाई आयुष्यातनं उठंल. मी पोट उघडतो. कॅमेरा बंद करा."

पडदा निळा झाला. जेवणाची वेळ झाली होती, पण हॉलमधून कोणी उठलं नाही.

बऱ्याच वेळाने दाजी त्याच हिरव्या कपड्यांत आले. आधी त्यांनी मला शोधून नुसती मान डोलावली, आणि मी रडलो. मग ते व्यासपीठावर गेले. "बाई बरी हाय. आता चूक सांगतो. पोट उघडलं ही चूक न्हाई. सूज लई हाय हे मला कालच्या सोनोग्राफीत दिसलं होतं. थांबायला पाहिजे होतं. तुम्ही सगळे येणार म्हणून थांबलो न्हाई. माझी मेव्हणी हाय ती." एवढं बोलून ते खाली उतरले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणालाच कळलं नाही.

सुमन आठ-दहा दिवस तिथे राहिली. ड्रेसिंग दाजी स्वतः करत आणि दर वेळी टाक्यांची ती वीतभर रांग बघून खाली मान घालत. एकदा ती चिडलीच. "दाजी, जिवंत हाय न्हवं मी? मग तोंड कशापायी पाडून राहिलात?"

आता वयाने दाजींचा हात थरथरतो. ऑपरेशन करणं त्यांनी आपणहून सोडलं. आयुष्यभर मी त्यांची टिंगल केली, ती जिभेवर तयारच असायची. पण सुमनबद्दल आभाराचे दोन शब्द त्यांच्यासमोर कधी तोंडातून फुटले नाहीत. म्हणून हे लिहून काढलं. बारीक अक्षर त्यांना हल्ली दिसत नाही. पुढच्या रविवारी आम्ही लातूरला जाणार आहोत, तेव्हा सुमन त्यांना हे वाचून दाखवणार आहे. वाचायला ती आहे, एवढं त्यांच्या ध्यानात आलं की माझं सगळं सांगून झालं.