आबांचं इंटरनेट

आमचे आबा 'इंटरनेट' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात फक्त भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. आमच्या गावात, खुटबावात कुणाची म्हैस व्याली, विहिरीवरच्या मोटारीला लाईट कधी येणार आणि रोज सकाळी गुलाबाची फुलं. आईचं इंटरनेट म्हणजे लोणच्याचे व्हिडिओ. मी शिरूरला नोकरीला. माझं इंटरनेट ऑफिसात बंद पडलं की दिवस मजेत जातो.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आबांनी पत्रिका त्या ग्रुपवर टाकली आणि हात झटकले. "साऱ्या जगाला कळलं. इंटरनेटवर टाकलीय."

हळद तोंडावर आली तरी राहू गावच्या आत्याचा, म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीचा, पत्ता नव्हता. आमच्याकडे नवरीला पहिली हळद आत्याच लावते. "आत्या कधी येणार?" विचारून विचारून धाकटी रडवेली झाली. शेवटी आईनं आबांना गाठलं.

"वन्संना बोलवाय कोण गेलं हुतं?"

"जायाचं कशाला? इंटरनेटवर..."

"वन्सं हायेत का त्यात?"

आबांनी ग्रुप वरपासून खालपर्यंत चाळला. आत्या कशी असणार? भावकीत लेकी धरत नाहीत आणि तिचा फोन बटणांचा. आबांनी फोन पालथा करून ठेवला. खरं सांगायचं तर मला जरा गंमतच वाटली.

मग खिशात अक्षतांची पुडी घालून ते माझ्या गाडीवर मागे बसले. आम्ही राहू गाठलं.

आत्या ओट्यावर शेंगा फोडत होती. उठली नाही. आबा म्हणाले, "आक्का, हळदीला चल. निरोप द्यायचा राहिला बघ."

"निरोप कवाच आला. शेजारणीच्या मोबाईलात फिरत आलेली पत्रिका बघितली. पोरीला साडी बी आणून ठेवलीय. माणूस येतंय का, ते बघत हुते."

वाटेत मी आबांना चिडवायला बरंच काही जुळवलं होतं. ते सगळं सोडून दिलं. आत्यानं पदराला हात पुसून तळवा पुढं केला. आबांनी अक्षता ठेवल्या, तिनं त्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि चहा टाकला.

चहा पोटात गेल्यावर आबांना हुरूप आला. मला म्हणाले, "टाक इंटरनेटवर, आक्का येणार म्हणून."

"टाकू नगंस," आत्या मला म्हणाली आणि आबांकडं वळली. "न्यायला कोण येतंय, ते सांग आधी."

"मीच येतो," आबा म्हणाले.