"मला वेदना झाल्या", असं तिनं लिहिलं

विनोदी मालिकेचा तो भाग मला आवडला होता, हे आधीच सांगते. नंतर त्यावरून बराच गदारोळ झाला, तरी माझं मत तेच आहे.

मी पावरा आदिवासी. धडगावच्या पुढे मुलींच्या एका आश्रमशाळेत अधीक्षिका होते. तिथली एक शिक्षिका माझी अकरा वर्षांची मैत्रीण. ती खाली सपाटीवरच्या म्हसावदची, बिगरआदिवासी, गुजर शेतकऱ्याची सून. शनिवारी घाट उतरताना जीपमध्ये आम्ही शेजारी बसायचो आणि होळीला ती माझ्या माहेरी यायची. तो भाग तिनंच मोबाइलवर आणला.

त्यात शहरातली एक कॉलनी आदिवासी दिन साजरा करते. अध्यक्ष अंगाला काळं फासतात, कमरेला पानं बांधतात आणि हुर्र हुर्र करत नाचतात. प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलेली आदिवासी अधिकारी बाई साध्या सुती साडीत येते, तर तिला वाढपी समजून मागच्या दारानं आत घेतात. ती मुकाट्यानं पुलाव वाढत राहते. माइकवर तिचं नाव पुकारतात तेव्हा हातात डाव असतो, आणि तो घेऊनच ती भाषणाला उभी राहते. नंदुरबारच्या एका प्रशिक्षणात मलाही कुणीतरी चहाचे कप उचलायला सांगितलं होतं. मैत्रिणीला ते माहीत होतं.

"हासी हासी पोट दुखी ऱ्हायनं वं," ती डोळे पुसत म्हणाली. रंगात आली की ती अहिराणीवर यायची. "मोठ्या पोरींना दाखव ना. त्यांना कळेल."

त्या आठवड्यात आम्ही दोघी खाली उतरलो नव्हतो; रविवारी दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये मी तो टीव्हीवर लावला. दहावीच्या मुली होत्या. काळे अध्यक्ष दिसताच एक ओरडली, "मॅडम, याच्या कमरेचे भोपळे कुठे गेले?"

आमच्याकडे होळीला नवस असलेले पुरुष अंगावर पांढरे ठिपके काढतात, कमरेला सुके भोपळे बांधतात. त्याआधी काही दिवस पाळणी असते, तेव्हा खाटेवरही झोपत नाहीत. या मुलींचे बाप-काका तेच करतात.

"यानं पाळणी केलीच नाही," दुसरी म्हणाली. "गादीवर झोपून आलाय."

अख्खा हॉल हसला. मैत्रीण सगळ्यांत मोठ्यानं. "तेवढं नाचाचं परत लाव," असंही तीच म्हणाली, आणि मी लावलं.

पंधरा दिवसांत त्या भागाविरुद्ध मोर्चे निघाले. कुणीतरी वर अर्ज केला की आमच्या शाळेत आदिवासी मुलींना त्यांचाच अपमान करणारा कार्यक्रम दाखवला. चौकशीला साहेब आले. मला लेखी म्हणणं मागितलं. मैत्रिणीची सपाटीवर बदली व्हायची होती, म्हणून तिचं नाव मध्ये यायला नको, असं मी ठरवलं. लिहिलं : कार्यक्रम दाखवण्याचा निर्णय माझा एकटीचा होता. सही केली.

साहेबांनी कागद वाचला. "तुम्ही स्वतः आदिवासी, तरी हसलात?"

"साहेब, आमच्यावर नव्हतंच ते. त्या कॉलनीवाल्यांवर होतं."

त्यांनी दुसरा कागद माझ्याकडे सरकवला. मैत्रिणीचं अक्षर मला लांबूनही ओळखू येतं. "मी अधीक्षिकांना विरोध केला होता. त्यांनी ऐकले नाही. आदिवासी भगिनींचा अपमान पाहून मला वेदना झाल्या."

माझा कागद आणि तिचा कागद एकमेकांशी इतके जुळत होते की साहेबांना आणखी कुणाला विचारायची गरजच उरली नाही. मुलींना तर कुणीच काही विचारलं नाही.

मी तिला जीपच्या थांब्यावर गाठलं. "असं का लिहिलंस?"

"तू हसलीस तर तुला माफ आहे वं. तुमचंच आहे ते. मी हसले म्हटल्यावर मला कोण सोडेल?"

यात खोटं काही नव्हतं. मी तिला तेवढंच म्हणाले की मग गप्प बसायचंस. विरोध केला होता, हे कुठून आणलंस? आणि वेदना? अकरा वर्षांत चहाच्या कपांची गोष्ट मी तिला कितीदा सांगितली, तेव्हा ती हसायची आणि मलाही हसवायची. तेव्हा कधी वेदना झाल्या नव्हत्या. तिनं जीपवाल्याला किती वेळ आहे ते विचारलं.

महिन्याभरात माझी बदली झाली. वसतिगृहाचा तात्पुरता कार्यभार कुणाला द्यायचा, तर जिला वेदना झाल्या तिलाच. त्यामुळे तिची बदली अडली, पण मला त्याचं समाधान वाटलं असं नाही. मधल्या काळात मी तो भाग पुन्हा एकदा पाहिला. तो चांगलाच आहे. फक्त नाच आला की तिचं हसणं ऐकू येतं, आणि ती नक्की कशावर हसत होती हे मला आता सांगता येत नाही.

निघायच्या दिवशी मी तिला सगळं दाखवलं : कोणत्या मुलीला फिट येते, कोणती सोमवारी घरी पळते, गव्हाला कीड कुठे लागते.

"रागावलीस ना वं?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले, आणि पाण्याची मोटर चालू होत नाही तेव्हा काय करायचं ते सांगितलं.